त्सुरुमी नदीचा पूर अडवायचा कुठे: टेकडीवर की खाली मैदानात?

पाणाड्या:
जपानच्या नद्यांचा विषय निघाला की पुराचं पाणी वळवणाऱ्या भुयारी बोगद्यांचंच कौतुक होतं. मला लिहायचंय ते छोट्याशा त्सुरुमीबद्दल. माचिदाच्या टेकड्यांत उगम, योकोहामात समुद्राला मिळते, लांबी अवघी ४२.५ किमी. पाणलोट २३५ चौ. किमी. नकाशावर तो टेपिर या प्राण्यासारखा दिसतो, म्हणून तिथल्या नदीप्रेमींनी तेच बोधचिन्ह केलंय.

१९५८ साली या पाणलोटाचा जेमतेम १० टक्के भाग शहरी होता, आणि त्याच वर्षी कानोगावा वादळात २० हजारांवर घरांत पाणी शिरलं. पुढे शहरी भाग ८५ टक्क्यांपर्यंत गेला, तरी तसा हाहाकार पुन्हा झाला नाही. माझ्या मते याचं श्रेय एका निर्णयाला आहे: १९८० पासून दोन प्रांत आणि त्यांतल्या शहरांनी आपापल्या हद्दी बाजूला ठेवून अख्ख्या पाणलोटाचं एकत्र नियोजन केलं.

शिन-योकोहामाचं पूरसाठवण क्षेत्र बघा. नदीच्या बांधाचा एक टप्पा मुद्दाम बुटका ठेवलाय. पाणी तिथवर चढलं की आपसूक आत सांडतं, पंप लावावा लागत नाही. क्षमता ३९ लाख घनमीटर. आत बाग, मैदानं आणि खांबांवर उचललेलं स्टेडियम आहे. १२ ऑक्टोबर २०१९ ला हागिबिस वादळात इथे सुमारे ९.४ लाख घनमीटर पाणी साठलं, आणि दुसऱ्याच दिवशी त्या स्टेडियममध्ये विश्वचषकाचा जपान-स्कॉटलंड रग्बी सामना झाला. नदीला तिची जागा आधीच देऊन ठेवली की असं होतं.

मृण्मयी:
पाणाड्या, आकड्यांशी वाद नाही, निष्कर्ष पटत नाही. एवढं पाणी एकदम खाली आलं कुठून? पाणलोटाचा सुमारे ७० टक्के भाग टेकड्या आणि पठारांचा. तिथली झाडी आणि भातखाचरं पाऊस जिरवायची. त्या टेकड्या सपाट करून उपनगरं वसवली. कोहोकु न्यू टाउन तर योकोहामा शहराने स्वतः आखलेला प्रकल्प. आधी वरची माती डांबराखाली घालायची, मग खाली कोट्यवधी येन खर्चून खड्डा खणायचा, आणि त्याला आदर्श म्हणायचं? ही फार तर उशिरा केलेली भरपाई झाली.

योकोहामाकर:
मृण्मयीताई, कोहोकुचं उदाहरण अर्धंच दिलंत. तिथे हिरवे पट्टे सलग राखले, जुनी तळी आणि देवळांभोवतालची झाडी त्यांत गुंफली.

मी मिदोरी विभागात राहतो. इथल्या किरिगाओकात भारतीय शाळा आहे, त्यामुळे आपली बरीच कुटुंबं याच पाणलोटात राहतात, अनेकांना ते ठाऊकही नसतं. वस्त्यांच्या कडेला जाळीचं कुंपण घातलेले काँक्रीटचे खोल चौकोनी हौद दिसतात ना, एरवी कोरडे असणारे? तळाशी अगदी लहान भोक असतं. जोराच्या पावसात हौद तुडुंब भरतो आणि भोकातून पाणी सावकाश ओढ्यात जातं. पाणलोटात असे हजारो हौद आहेत. म्हणजे वरही काम झालंय, नुसतं स्टेडियमपाशी नाही.

मृण्मयी:
हौदांचं मान्य, पण त्यांतले किती तरी खाजगी मालकीचे आहेत. जमिनीचे भाव बघता मालकाला बुजवायचा मोह होणारच. २००४ पासून अमलात आलेल्या शहरी नद्यांच्या पूरकायद्यात संरक्षित हौद बुजवताना काय करावं लागतं? आधी सूचना द्यायची. परवानगी नव्हे, सूचना!

पाणाड्या:
सूचना आली की प्रशासनाला मालकाशी बोलायला, सल्ला द्यायला वेळ मिळतो. पूर्वी तेवढंही नव्हतं. आणि त्याच कायद्याने १,००० चौ. मी. किंवा त्याहून मोठ्या मोकळ्या जमिनीवर बांधकाम करायचं तर पाणी साठवायची किंवा जिरवायची सोय सक्तीची केली. त्सुरुमी ही त्या कायद्याखाली आलेली पहिली नदी. २०१४ च्या ऑक्टोबरमधल्या वादळात शिन-योकोहामाला सुमारे १५.४ लाख घनमीटर पाणी आलं, म्हणजे निम्म्याहून जास्त जागा शिल्लक होती. वरच्या उपायांशिवाय हे जमलं असतं असं मला वाटत नाही.

मृण्मयी:
शिल्लक जागेवर विसंबू नका, पाऊस वाढतोय. आणि खरी गळती त्या १,००० च्या आतच आहे. ३०० चौ. मी. भाजीचा मळा विकला जातो, त्यावर तीन घरं, प्रत्येकासमोर फरसबंद पार्किंग. कायदा तिकडे बघतच नाही. अशा तुकड्यांनाही जिरवणखड्डा सक्तीचा करा, मग त्सुरुमीला आदर्श म्हणायला मी तयार आहे.

योकोहामाकर:
या मागणीला माझा पूर्ण पाठिंबा. फक्त खर्च एकट्या घरमालकावर टाकू नका, खालच्या सखल भागातल्या शहरांनीही वाटा उचलावा. टेकडीवर मुरलेल्या पाण्याचा फायदा त्यांनाच होतो.