वडिलांच्या डोक्यात रक्त साचलंय. नाशिकलाच ऑपरेशन करावं की मुंबई गाठावी?

मांडवाखालचा_दिंडोरी:
वडील ७१ वर्षांचे. दिवाळीआधी द्राक्षबागेत मांडवाच्या अँगलला डोकं आपटलं. टेंगूळ आलं, हळद लावली, विसरलो. आता दीड महिन्याने डावा पाय ओढतात. चप्पल पायातून निसटते, तरी तसेच चालत राहतात. तेच तेच विचारतात. काल नाशिकला सीटी केला. उजव्या बाजूला क्रॉनिक सबड्यूरल, म्हणजे मेंदूवरच्या पडद्याखाली साचलेलं जुनं रक्त. मेंदू ९ मिमी सरकलाय. डॉक्टर म्हणतात दोन भोकं पाडून रक्त काढू. मेहुणे म्हणतात मुंबईलाच न्या. शेजारी सांगतो, कवटीचं हाड काढून पोटात ठेवतात. आईने तेव्हापासून जेवण सोडलंय.

ओटीवाली_सिस्टर:
दादा, आधी आईंना जेवायला घाला. मी नाशिकमध्येच न्यूरोच्या ओटीत अठरा वर्षं काढली.

पोटात हाड ठेवतात हे खरं आहे, पण ते ऑपरेशन वेगळं. मेंदू खूप सुजला की कवटीचा मोठा तुकडा काढावा लागतो. तो जपायला खास फ्रीजर प्रत्येक ठिकाणी नसतो, म्हणून पेशंटच्याच पोटाच्या कातडीखाली ठेवतात आणि काही महिन्यांनी परत बसवतात. तुमच्या वडिलांचं तसं नाही.

त्यांचं रक्त मेंदूच्या आत नाही, मेंदूवरच्या पडद्याखाली आहे आणि जुनं होऊन पातळ झालंय. वय झालं की मेंदू थोडा आकसतो, पडद्याखालच्या बारीक शिरा ताणल्या जातात आणि साध्या धक्क्याने झिरपायला लागतात. बऱ्याचदा जागा बधिर करूनच भागतं. आमच्याकडे आधी हडसन ब्रेस होता, म्हणजे सुताराचं गिरमिटच. सर हाताने फिरवायचे, मी हाडाच्या भुश्श्यावर पाणी सोडायची. हाड संपत आलं की हाताला कळतं, तिथे वेग कमी करायचा. पडदा उघडला की जळक्या इंजिन ऑइलसारखं बाहेर येतं. मग सलाईनने स्वच्छ होईस्तोवर धुवायचं. महागडं मशीन नसलेल्या गावांतही हे होतं, ते याचमुळे.

एक मात्र विचारा: ड्रेन, म्हणजे उरलेलं रक्त बाहेर काढणारी नळी, ठेवणार का? २००९ साली केंब्रिजच्या डॉक्टरांनी तुलना करून पाहिली. नळी ठेवलेल्यांत पुन्हा रक्त साचून ऑपरेशन करावं लागलं ९ टक्क्यांना, न ठेवलेल्यांत २४ टक्क्यांना. आणि हृदयासाठी रक्त पातळ करायची गोळी चालू आहे का, ते आजच डॉक्टरांच्या कानावर घाला. लोक बीपीची गोळी सांगतात आणि नेमकी ही विसरतात.

सीटी आणि न्यूरोसर्जन दोन्ही जागेवर असताना याच्यासाठी कसारा उतरायचं कारण मला तरी दिसत नाही. वाटेत गुंगी वाढली तर काय कराल?

सिडकोकर:
मेहुण्यांची बाजू मी समजू शकतो. आईला बीपीने ब्रेन हॅमरेज झालं, आत खोलवर. इथले डॉक्टर म्हणाले ऑपरेशनचा फायदा नाही. आम्हाला वाटलं टाळतायत. रात्री दीडला व्हेंटिलेटरची गाडी केली, पैसे उसने घेऊन. मुंबईतही तेच उत्तर. नंतर कळलं, २००५ मध्ये २७ देशांतल्या १०३३ पेशंटचा अभ्यास झाला होता. अशा रक्तस्रावात लवकर कवटी उघडल्याने एकंदरीत फरक पडला नव्हता. तेच रक्त मागे, लहान मेंदूत ३ सेंटिमीटरच्या वर असतं तर लगेच ऑपरेशनला घेतलं असतं म्हणे. म्हणजे रक्त आलं यापेक्षा कुठे आलं ते आधी. हे आम्हाला चित्र काढून कुणी पाच मिनिटं समजावलं असतं तर गाडीचे पैसे वाचले असते.

दादा, हॉस्पिटल महात्मा फुले योजनेत असेल तर आरोग्यमित्राचं टेबल शोधा. रेशनकार्ड, आधार सोबत ठेवा. आमचं नावातल्या एका वेलांटीवरून अडलं होतं.

मांडवाखालचा_दिंडोरी:
सिस्टर, गोळी निघाली. औषधांच्या डब्यात तळाशी क्लोपिडोग्रेल. डॉक्टरांनी ती बंद केली आणि पाच दिवस रोज तपासत थांबले. काल सकाळी झालं, एक तास. ड्रेन आहे. संध्याकाळी डाव्या पायाची बोटं हलवली आणि विचारलं, द्राक्षाच्या घडांचं डिपिंग (औषधात बुडवणं) कुणी केलं? आता मात्र उठून बसायचा हट्ट चाललाय.

ओटीवाली_सिस्टर:
बसवू नका. नळी निघेपर्यंत आडवंच, डॉक्टर सांगतील तेव्हाच उशी. नळीची बाटली डोक्याच्या खाली लटकलेली राहू द्या, कुणी हौसेने उचलून बघायची नाही.