बिडी वळणारी नायिका संशयी का होते

गरीब बाई कथेत संशयी, चिडकी दाखवली की ती खलनायिका ठरते, हा आक्षेप मला पटतो. पण माझ्या मते चूक स्वभाव दाखवण्यात नाही, त्यामागचा हिशेब गाळण्यात आहे.

सोलापूरच्या तेलुगूभाषक पूर्व भागातली बिडी वळणारी नायिका घ्या. मजुरी हजार बिड्यांवर. तेंदूचं पान आणि तंबाखू तोलून मिळते. पान भिजवायचं, साचा ठेवून कात्रीने कापायचं, तंबाखू भरून वळायचं, दोरा बांधायचा. पान फाटकं, डागाळलेलं निघालं तर हजार भरत नाहीत, मग पदरच्या पैशाने पान आणा. त्यात कारखान्यात छाट निघते: सैल, वाकडी, तोंड नीट न मिटलेली बिडी बाजूला, तिची मजुरी नाही. ही बाई सुनेच्या कात्रीवर नजर ठेवते ते नुसतं सासूपण नव्हे. साचा कडेला धरला तर मोठ्या पानातून दोन बिड्या निघतात, मधोमध धरला तर एकच! लेखक झोपडीचं वर्णन दोन पानं करतात आणि कात्री विसरतात, याचंच वाईट वाटतं.

घराचंही तसंच. सोलापूरजवळच्या कुंभारीतल्या गोदूताई परुळेकर वसाहतीत २००६ मध्ये बिडी कामगार बायकांना दहा हजार घरं मिळाली. भाड्याच्या खोलीतली बाई नवऱ्याचा आवाज चढला की आधी दार लोटून घेते, मालकाने ऐकू नये म्हणून. स्वतःच्या घरातली तशीच वळत राहते आणि उत्तर देते, बहुधा तेलुगूत.