निनो रोटाचं ऑस्कर नॉमिनेशन काढून घेतलं, ते योग्यच झालं

तिसरी घंटा
'गॉडफादर'ची लव्ह थीम मलाही आवडते, आधीच सांगतो. पण १९७३ साली निनो रोटा या इटालियन संगीतकाराच्या त्या संगीताचं नॉमिनेशन ॲकॅडमीने, म्हणजे ऑस्कर देणाऱ्या संस्थेने, मागे घेतलं म्हणून आजही जो गळा काढला जातो, तो मला पटत नाही. रोटाने तीच चाल १९५८ च्या 'फॉर्तुनेल्ला' या इटालियन चित्रपटात वापरली होती. तिथे ती उडत्या, विनोदी मार्चच्या अंगाने येते. इथे लय संथ केली, मँडोलिन आणलं, की झाली सिसिलीची विरहधून! बक्षीस त्या-त्या चित्रपटासाठी नव्याने केलेल्या संगीताला होतं. मग बाकीच्या स्पर्धकांनी काय घोडं मारलं होतं?

मुरकी
स्पर्धकांचा एवढा कळवळा आहे तर निकालही सांगा की. त्या वर्षी ते बक्षीस मिळालं चॅप्लिनच्या 'लाइमलाइट'ला. चित्रपट १९५२ चा! लॉस एंजेलिसमध्ये १९७२ पर्यंत लागला नव्हता, म्हणून पात्र. म्हणजे चौदा वर्षांपूर्वीची एक चाल शिळी आणि वीस वर्षांपूर्वीचं अख्खं संगीत ताजं. शिवाय 'गॉडफादर' म्हणजे ती एकच धून आहे का? सुरुवातीला काळ्या पडद्यावर एकटा ट्रम्पेट जो वॉल्ट्झ (तीन मात्रांची नृत्यधून) धरतो, त्याचं काय?

तिसरी घंटा
'लाइमलाइट'चं संगीत 'लाइमलाइट'साठीच केलेलं होतं. नियम विनोदी असेल, पण मोडला नाही. रोटाचा मोडला.

कोमल_ऋषभ
रोटा माणूस कोण होता ते बघा जरा. १९५० पासून बारीच्या संगीत विद्यालयाचा संचालक. ऑपेरा, सिंफनी, चित्रपट, सगळं एकाच टेबलावर लिहिणारा. १९४७ ची स्वतःची सिंफनी त्याने १९६३ मध्ये दिग्दर्शक व्हिस्कोंतीच्या 'इल गात्तोपार्दो' या चित्रपटाला दिली. त्याच चित्रपटातल्या नृत्याच्या प्रसंगात ऑपेराकार वेर्दीचा एक अप्रकाशित वॉल्ट्झही आहे, वाद्यमेळ रोटाचा. ते सगळं ऐकताना कुठे जोड दिसतो? आपल्याकडे भास्करबुवा बखल्यांनी 'स्वयंवर' नाटकाची पदं बंदिशींवरून बांधली, त्यांना कुणी जाब विचारला?

तिसरी घंटा
बुवांनी नव्या चालीच्या बक्षिसासाठी अर्ज केला नव्हता.

धुळीचं वादळ
म्हणून तर मी मॉरिकोनेवाला, तोही इटालियन संगीतकारच. दिग्दर्शक लिओनेच्या १९६८ च्या 'वन्स अपॉन अ टाइम इन द वेस्ट'चं संगीत चित्रीकरणाआधीच तयार होतं आणि सेटवर ते वाजवून शॉट घेतले. स्टेशनवरून नायिका क्लॉडिया कार्डिनाले बाहेर येते आणि गायिका एद्दा देल'ओर्सोचा आवाज उंच जातो, तेव्हा कॅमेराही त्या सुरांबरोबरच वर चढतो. जुन्या वहीतून काढलेल्या चालीवर हे जमत नाही.

मुरकी
वही काढलीच आहे तर पुरती उघडू या. १९६२ मध्ये मॉरिकोनेने पीटर टेव्हिस या गायकासाठी अमेरिकन लोकगायक वुडी गथ्रीच्या एका गाण्याला साथ बांधली होती. चाबूक, घंटा, सगळं त्यात आहे. लिओनेला ती साथ इतकी भावली की 'अ फिस्टफुल ऑफ डॉलर्स'साठी (१९६४) त्याने तीच मागितली. गाणाऱ्याचा आवाज काढला, वर अलेस्सांद्रोनी या वादकाची शीळ घातली, आणि स्पॅगेटी वेस्टर्नचा, म्हणजे इटालियनांनी काढलेल्या काउबॉयपटांचा, आवाज जन्माला आला. आता बोला.

धुळीचं वादळ
अहो, साथ तीच असली तरी वरची चाल नवी आहे. रोटाची चालच जुनी. फरक आहे की नाही?

मुरकी
फरक आहे, पण तुम्ही म्हणता तेवढा नाही. त्या शीर्षकसंगीतातून चाबूक आणि घंटा काढून नुसती शीळ ऐका. निम्मं वाळवंट गेलं.

कोमल_ऋषभ
आणि ॲकॅडमीची गंमत बघा. १९७५ मध्ये 'गॉडफादर भाग २'ला संगीताचं ऑस्कर मिळालं, रोटा आणि कार्मिने कोपोला दोघांना. त्यात पहिल्या भागातल्या धुना आहेतच. तेव्हा नियम कुठे होता?

तिसरी घंटा
दुसऱ्या भागात नवंही भरपूर आहे. छोटा व्हितो जहाजातून न्यूयॉर्कला येतो तिथलं संगीत ऐका. बक्षीस त्याला मिळालं असं मी मानतो आणि त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण १९७५ चा निकाल दाखवून १९७३ चा खोडता येणार नाही. आधी 'फॉर्तुनेल्ला' बघा, अभिनेत्री जूलिएत्ता मासिना आहे त्यात, वेळ वाया जाणार नाही. तो मार्च ऐकूनही नॉमिनेशन ठेवायला हवं होतं असं वाटलं, तर कारण इथे लिहा.