मदत हवी आहे : ऑर्टेलियसचा नकाशा घ्यावा का?

नमस्कार मंडळी,

कामानिमित्त सध्या अँटवर्पला आहे. इथल्या एका दुकानात सोळाव्या शतकातला नकाशाकार अब्राहम ऑर्टेलियस याचा 'इंडिए ओरिएंटालिस' हा पूर्वेकडच्या देशांचा नकाशा पाहिला आणि तेव्हापासून डोक्यातून जात नाहीये. १५७० साली याच शहरात त्याचा ॲटलास पहिल्यांदा छापला गेला, त्यातला हा नकाशा. समुद्रात जलपऱ्या आणि जहाजावर चाल करून आलेले देवमासे! आपला किनारा मात्र जरा ओढूनताणून काढलाय.

दुकानदार अस्सल म्हणतो. (तो दुसरं काय म्हणणार?) असे नकाशे तांब्याच्या कोरीव पत्र्यावरून छापत; त्या पत्र्याचा कागदावर उठलेला दाब चौकटीबाहेर बोटाला लागतो, मधोमध घडीही आहे. हिरवा रंग काही ठिकाणी तपकिरी पडलाय. तांब्यापासून केलेला जुना हिरवा रंग असाच कागद खातो असं वाचलंय.

खरी अडचण पाठीमागची. हा ॲटलास १६१२ पर्यंत लॅटिन, डच, जर्मन, फ्रेंच अशा बऱ्याच भाषांत निघत राहिला, आणि आवृत्ती ठरते ती नकाशाच्या मागे छापलेल्या मजकुरावरून. इथे कोणीतरी मागे दुसरा कागद चिकटवून ठेवलाय! खिडकीशी धरलं तर अक्षरांच्या ओळी अंधुक दिसतात, पण भाषा काही लागत नाही.

तो कागद नकाशाला धक्का न लावता सोडवता येतो का? कोणी करून घेतलंय? नुसता दाब बघून विश्वास ठेवावा का, की नव्या नकलेतही तो आणता येतो? आणि घेतलाच, तर पुण्याच्या पावसाळ्यात फ्रेम करून भिंतीवर लावावा की सपाट पेटीत ठेवावा? शनिवारपर्यंत दुकानदाराला कळवायचंय.