मदत हवी आहे : मातानो सरोवरासारखी बरणी कशी लावू?

नमस्कार मंडळी. अकरावीच्या मुलांना इंडोनेशियातल्या सुलावेसी बेटावरचं मातानो सरोवर समजावून सांगायचंय. खोली जवळपास 590 मीटर. तिथे कडक थंडी नाही, त्यामुळे वरचं पाणी गार, जड होऊन तळापर्यंत जातच नाही. साधारण 100 मीटरच्या खाली प्राणवायू संपतो, उरतं विरघळलेलं लोह. वर नीलहरित जीवाणू, तळाकडे मिथेन तयार करणारे. आणि मधल्या सीमेवर, उजेड जेमतेम पोचतो तिथे, हरित गंधक जीवाणू (प्राणवायूशिवाय, उजेडावर अन्न बनवणारे)! अब्जावधी वर्षांपूर्वीचे समुद्र असेच लोहयुक्त होते, म्हणून हे सरोवर मला फार मोलाचं वाटतं.

असेच जीवाणूंचे थर मुलांना बरणीत दाखवावेत म्हणून ओढ्याचा गाळ, जिप्सम (कॅल्शियम सल्फेट), अंड्याचा बलक आणि कागदाचे कपटे भरून काचेची बरणी खिडकीत ठेवली. सहा आठवड्यांत गाळ काळाकुट्ट, झाकण उघडलं की सडक्या अंड्याचा वास. हिरवा पट्टा जेमतेम बोटभर. पण हे तर गंधकाचं सरोवर झालं. मातानोत सल्फेट (ज्यापासून जीवाणू हा सडका वायू बनवतात) नगण्य आहे.

बलक आणि जिप्सम वगळून, लोखंडाचा गंज घालून कुणी करून पाहिलंय का? उजेड किती ठेवायचा? पट्टे दिसायला किती महिने लागतात? फोटो असतील तर जरूर टाका.