सिंगापूरचं पक्षी उद्यान पाहून नागपूरला नावं ठेवणाऱ्यांना

धंतोलीकर
काल एकांनी लिहिलं, "पोरांना सिंगापूरचं बर्ड पॅराडाइज दाखवून आणलं. संवर्धन काय असतं ते तिथे कळतं. नागपुरात पोरांनी बघावं तरी काय?" मी पाहिलंय ते तिथल्या मंडाई भागातलं उद्यान. 17 हेक्टर, सुमारे 400 जाती, जाळीखालून आरामात फिरायचं. झकास आहे, नाही कोण म्हणतो? पण लोरी पोपट खाऊच्या वाटीवर येऊन बसला, फोटो निघाला, पुढे चला. यात शिकलं कोण? हिवाळ्यात आपल्या जिल्ह्यातल्या तलावांवर हिमालय ओलांडून पट्टकदंब हंस उतरतात. तिकीट नाही, रांग नाही. तिथे न्या ना पोरांना!

दोन_पोरांची_आई
दादा, तुमच्याजवळ दुर्बीण आहे, वेळ आहे. माझा धाकटा तलावावर पोचल्या पोचल्या "आई, शू" म्हणतो. तुमचे पट्टकदंब त्याला पाण्यावरचे ठिपके दिसतात. सिंगापूरला त्याने धनेश जवळून पाहिला. फळ चोचीच्या टोकात धरतो, मान मागे टाकून उडवतो अन् घशात झेलतो. जीभ आखूड म्हणून. हे त्याने घरी येऊन आजीला द्राक्षं उडवून दाखवलं. आणि बाली मैना जंगलात शंभरही उरल्या नव्हत्या, अशा उद्यानांत वाढवूनच सोडताहेत.

धंतोलीकर
धनेशासाठी पासपोर्ट? सिव्हिल लाइन्समध्ये वड पिकला की राखी धनेश अस्संच खातो. मान वर करा फक्त.

रानपिंगळा
मैना संपली कशाने ते पण सांगा ताई. पिंजऱ्याच्या शौकानेच. आधी पकडून विकायच्या, मग वाचवतो म्हणून तिकीट लावायचं. इकडे गोंदियाचे मोजके सारस विजेच्या तारांना लागून मरून राहिले, त्यावर कोणी पोस्ट टाकत नाही.

दोन_पोरांची_आई
पकडणारे वेगळे, वाढवणारे वेगळे. एका पोत्यात भरू नका.

रानपिंगळा
बरं, नाही भरत. पण नागपूरकरांनी पक्षिप्रेमावर बोलूच नये. संक्रांत आली की गच्चीगच्चीवर नायलॉन मांजा. 2017 पासून हरित लवादाची बंदी आहे देशभर!

महालचा_पतंगबाज
आलाच का मांजा! काहून हो, वर्षभर काचेच्या बिल्डिंगा उभ्या होतात तेव्हा पक्षी दिसत नाहीत, आमचा एक सण दिसतो? अर्धे पतंगबाज साधा दोरा वापरतात. दुकानदाराला पकडा.

रानपिंगळा
घेणारा आहे म्हणून विकणारा आहे. आमच्या गल्लीतल्या पिंपळाला पिंगळा उलटा लटकला होता. शिडी लावून काढला. जितका फडफडे तितका दोरा आत जाई, पंखाच्या सांध्यात हाड दिसत होतं. सेमिनरी हिल्सवर वनविभागाच्या ट्रान्झिट ट्रीटमेंट सेंटरला नेला. त्यांनी बारीक कात्रीने एकेक वेढा कापला. जगला, पण उडेल का सांगता येत नाही म्हणाले. या तुमचा सण घेऊन तिथे.

महालचा_पतंगबाज
माझ्यावर काहून घसरता? मी बांधला होता का त्याला?

धंतोलीकर
अहो, विषय उद्यानाचा चालला होता…

दोन_पोरांची_आई
राहू द्या दादा, हा जास्त कामाचा आहे. आमच्या शेजारच्या मुलाचा गळा स्कूटरवर कापता कापता वाचला. मफलर होता म्हणून. त्यावर त्याच्या बापाचं उत्तर काय, तर "पोराने हळू चालवायला पाहिजे." स्वतः गच्चीवर चक्री घेऊन उभे!

महालचा_पतंगबाज
असे आहेत काही, मान्य. म्हणून सगळ्यांना झोडपा. चक्री तपासायची असेल तर या घरी, तिळगूळ पण देतो. अन् रानपिंगळा साहेब, त्या सेंटरवर नेमकं जायचं कुठून ते लिहून ठेवा. आमच्या गच्चीवर दरसाल एखादं कबूतर पडतंच.