‘पाळीव’ आणि ‘माणसाळलेला’ एकच का?

हे दोन शब्द आपण सर्रास एकमेकांच्या जागी वापरतो. मला ते पटत नाही.

कोरलेलं ते कोरीव, आखलेलं ते आखीव, तसं पाळलेलं ते पाळीव. क्रिया माणसाची. ‘माणसाळणं’ मात्र ‘फेसाळणं’सारखं अकर्मक, ते जनावरानेच करायचं.

हत्ती घ्या. हजारो वर्षं माणसासाठी राबला, पण त्यातले बहुतेक रानातूनच धरून आणलेले. दर वेळी नव्याने माणसाळवायचे. म्हणजे तो माणसाळतो, पण जीवशास्त्राच्या अर्थाने, म्हणजे पिढ्यानपिढ्या माणसाच्या निवडीने जातच बदललेला, असा पाळीव नाही. रेशीमकिडा नेमका उलटा. त्याच्या पतंगाला उडताही येत नाही, माणसाशिवाय त्याची जात तगायची नाही, इतका पाळीव. तरी तो माणसाळला असं कुणी म्हणेल का? त्याला कुणाचा लळा लागत नाही.

दोन्ही शब्द जिथे भेटतात तो प्रयोग सायबेरियातला. जनुकशास्त्रज्ञ दिमित्री बेल्यायेव यांनी १९५९ साली सुरू केलेला. दर पिढीतले माणसाला कमीत कमी बुजणारे कोल्हे निवडायचे आणि त्यांचीच पैदास करायची. पुढच्या पिढ्यांत माणूस दिसताच शेपटी हलवणारी पिल्लं जन्मू लागली, काहींचे कान लोंबते. माणसाळणं रक्तात उतरलं, की प्राणी पाळीव होऊ लागतो.

मांजर बहुधा उंदरांमागे धान्यापाशी आपणहून आलं. सायप्रसमध्ये सुमारे ९,५०० वर्षांपूर्वी माणसाशेजारी पुरलेलं मांजर सापडलं आहे. तिथे माणसाळणं आधी, पाळणं मागाहून.

आता ‘पाळणे’. आपण शब्द पाळतो, पथ्य पाळतो, वेळ पाळतो आणि शेळीही पाळतो. मुळात संस्कृत ‘पाल्’, म्हणजे राखणं, सांभाळणं, ‘पालक’ तिथलाच. त्यामुळे ‘आम्ही कुत्रा ठेवलाय’ असं ऐकलं की मला फार खटकतं. ठेवायला ती वस्तू नव्हे. पाळलाय म्हणा, त्या क्रियापदात जबाबदारी आपसूक येते.

एका ठिकाणी मात्र मी अडतो. रस्त्यावरचा कुत्रा रानटी नाही, त्याची जात पाळीवच, पण त्याला पाळणारं कुणी नाही. ‘मोकाट’ म्हटलं तर दोष त्याच्याच माथी जातो, ‘बेवारशी’ म्हटलं तर तो मालमत्ता ठरतो. ‘भटका’ म्हणावं, तर तो बिचारा वर्षानुवर्षं एकाच कोपऱ्यावर बसून असतो. कुणाच्या बोलीत याहून नेमका शब्द आहे का?